डॉन रामीरोची तलवार

तलवार आपल्यालाच मिळणार, यात गिरीश ठवकरला तिळमात्र शंका नव्हती.

लंडनमधल्या पिनरच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं नाटक रंगात आलं होतं. पेरूच्या डोंगरात सोनं लुटायला उतरलेला स्पॅनिश सेनापती डॉन रामीरो, आणि त्याच्या मर्जीसाठी एकमेकांच्या उरावर बसलेले दोन सरदार. लिहिणारे कमलाकरकाका, बसवणारे तेच, डॉनही तेच. गिरीश एक सरदार, पुण्याचा श्रीनिवास दुसरा. मरताना डॉन तलवार कोणाला देतो, ते शेवटचं पान काकांनी दोघांनाही दाखवलं नव्हतं. "तोंडावर खरं उमटू दे," म्हणाले. आणि वर हेही, की तलवार ज्याच्या हातात येईल, पुढच्या वर्षीचं नाटक तोच बसवेल.

आपलं एक नाटक बसवायचं, एवढंच गिरीशला नागपूरच्या कॉलेजपासून हवं होतं. नशिबात आलं बेसिंगस्टोकचं ऑफिस. डोळ्यांपायी काकांचं लायसन्स गेलं, तेव्हापासून दर तालमीला हा बेसिंगस्टोकहून क्रॉयडनला त्यांच्या घरी, तिथून पिनरला, आणि तसाच उलटा. काकांची कंबर धरते म्हणून त्यांच्या बाजूची सीट बटण दाबून आधीच तापवून ठेवायचा.

बायको, चैत्राली, हसायची. "तू कायचा सरदार बापा! डायवर आहेस त्या बुढ्याचा."

"तुले नाही समजत. काका सगळं पाहून राहिले."

श्रीनिवास मात्र प्रत्येक तालमीला भांडायचा. "काका, हा प्रवेश रटाळ आहे, कापा." काका लालबुंद व्हायचे, गिरीशला आतून गुदगुल्या. परतताना काका गाडीत हळूच विचारायचे, "माझ्या पाठीमागे काय म्हणत होता रे तो?" मग गिरीश सांगायचा. जरा तिखटमीठ लावूनच.

शेवटचा प्रवेश आला. डॉन खाटेवर, दोघं गुडघ्यावर. काकांनी उशाची तलवार उचलली. गिरीशनं दोन्ही हात पुढे केले, आणि तलवार त्याच्या नाकासमोरून शेजारी गेली.

"हा माझ्या तोंडावर भांडला," श्रीनिवासकडे बघत डॉन म्हणाला. मग मान वळली. "आणि तू? दर खेपेला माझ्या कानाशी याच्या चहाड्या. उद्या याच्या कानाशी माझ्या सांगशील. न्या याला!"

शिपाई झालेल्या परीक्षितनं दंड धरून उठवलं. गिरीशचे हात तसेच पुढे. तोंड उघडं. हॉल टाळ्यांनी दणाणला.

"अगं बाई, काय चेहरा दिला हो यानं!" पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

विंगेत श्रीनिवास तलवार घेऊन उभा. त्याचाही रंग उडालेला. "आईशप्पथ, गिरीश, मला काही माहीत नव्हतं." मग, "चहाड्या... खरंच?"

गिरीश पाठ फिरवून चालू लागला.

अंगरख्यासकट तो कार पार्कमध्ये येऊन गाडीत बसला. त्या माणसानंच विचारायचं, अन् त्यानंच चारचौघांत असं नागवं करायचं! आज जाऊ दे म्हाताऱ्याला ट्रेननं.

हॉलच्या दारातून काका कंबरेवर हात ठेवून निघाले. "गिऱ्या, आलो रे!" जसं काही झालंच नव्हतं.

गिरीशनं घाईनं गाडी चालू केली. गिअर टाकायला हात नेला, आणि थिजला. बोट सवयीनं डावीकडचं बटण दाबून आलं होतं. काकांची सीट तापू लागली होती.