सेन्सरची अंघोळ

सेन्सर काढला, धुतला, पुसून जागेवर बसवला, आणि त्याच्याकडं पाणी आणणारा बारका कॉक उघडायचा तेवढा विसरलो. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रावर क्लोरीन मोजायचं हे यंत्र आल्यापासून मी निवांत झालोय, असा सगळ्यांचा समज आहे. खरं तर पूर्वी मी एकटाच चुकायचो. आता जोडीला यंत्र असतं, एवढाच फरक.

स्क्रीनवरचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला. क्लोरीन कमी पडलं तर लोक आजारी पडणार, म्हणून घाईनं डोस वाढवला. आकडा हलेना. आणखी वाढवला.

दुपारी बायकोचा फोन. आमच्या गल्लीत पाण्याची तक्रार ऑफिसात कुणी करत नाही, आमच्या दारात करतात. नोकरी मला लागली, पण बोलणी तिच्या वाट्याला आली.

"अहो, आज पाण्यात काय वतलंय? चहाला दवाखान्याचा वास मारतोय."

"मशीन तर शून्य दाखवतंय."

"मशीन चहा पितंय व्हय?"

उठलो. टाकीचं पाणी काचेच्या नळीत घेऊन क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. फिकट पिवळं व्हायला हवं होतं, गडद नारिंगी झालं, म्हणजे क्लोरीन भलतंच जास्त. मग तो कॉक दिसला, आडवा, बंद. सेन्सर बिचारा क्लोरीन उडून गेलेल्या शिळ्या पाण्यात बसून खरंच सांगत होता.

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करणं भाग होतं. पण आमच्या घरासमोर त्या दिवशी बारसं. अख्ख्या गल्लीचं जेवण तिथं. बायकोला फोन लावला.

"पाणी बंद करतोय. आज भरलेलं वापरू नका, सगळ्यांना सांग."

"त्यांचं पावणं दारात उतरल्यात, आन् हे आत्ता सांगताय?"

"व्हय."

तिनं फोन ठेवला. त्या आवाजानंच मला दमायला झालं.

टाकी ताळ्यावर यायला संध्याकाळ गेली. नळाला पाणी आता सकाळीच. घरी पोचलो तेव्हा अंगाला क्लोरीनचा वास, आणि समोर बारशाची शेवटची पंगत उठत होती. लोक पोटभर जेवून हात धूत होते. कुठल्या पाण्यानं, ते अंघोळीला मोरीत गेल्यावर कळलं. आमचं पिंप रिकामं, पालथं घातलेलं. मी टॉवेल खांद्यावर टाकून नुसताच उभा.

बायको दारातनं म्हणाली, "कालचं भरलेलं सगळं बारशाला दिलं. मशीनची अंघोळ झालीया न्हवं? आजच्याला तेवढी बास."