तुमच्या कुत्र्याला मी वेल्ह्याला धाडणार होते

मला तुमचा कुत्रा आवडत नाही. तुम्हा दोघांना हे ठाऊक नाही, कारण रविवारी फोनच्या पडद्यावरून तुम्ही त्याला हाका मारता तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून हसत असते. ते हसणं तुमच्यासाठी असतं. आता तुम्हाला मराठी नीट वाचता येतं असं तुमचा बाबा सांगतो. तेव्हा खरं काय घडलं ते लिहून ठेवते.

तुम्ही परदेशी गेलात आणि त्याला माझ्याकडे भोरला सोडून गेलात. चार वर्षांचा, पूर्ण वाढलेला नर. "आई, तो शहाणा आहे, घरात काही करत नाही," असं तुमचा बाबा म्हणाला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये करत नसेल. माझ्याकडे तिसऱ्याच दिवशी फाटकाबाहेरून गल्लीतला एक तांबडा कुत्रा गेला, त्याच्यावर हा पोटभर भुंकला, मग वळून बैठकीत आला आणि लाकडी खुर्चीच्या पायावर तंगडी वर केली. ती खुर्ची तुमच्या आजोबांची. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसत नाही, मीसुद्धा नाही. खुर्ची भिजवून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात लाज नव्हती.

मी पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग चपलांचा रॅक, पडद्याची कड, पिठाच्या डब्याची बाजू. माझं घर तुम्ही पाहिलं आहे. त्यात एक वस्तू जागची हललेली मला चालत नाही. मी त्याला बाहेर नेण्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं आणि एकही वेळ चुकवली नाही. तो बाहेर सगळे खांब भिजवायचा आणि चार थेंब राखून घरी आणायचा, खास माझ्यासाठी. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारलं. मान धरून त्याचं नाक त्या ओल्या जागेला लावलं. हे मी केलं, म्हणून लिहिते. त्याचा उपयोग एवढाच झाला की तो माझी पाठ वळायची वाट बघू लागला.

माझ्यासोबत तुमच्या आजोबांची थोरली बहीण राहते. तुम्ही त्यांना आत्याआजी म्हणता, मी वन्सं म्हणते. आम्हा दोघींचं कधीच फार जमलं नाही. त्या रोज सकाळी घरभर गोमूत्र शिंपडायच्या. एकदा पाहुण्यांसमोर मी म्हणाले की घराला मुतारीचा वास येतो, आणि त्यांची बाटली गटारात ओतली. त्यांनी तेव्हा शब्द काढला नाही. विसरल्याही नाहीत.

कुत्र्याशी मात्र त्यांचं पहिल्या दिवसापासून गूळपीठ. दुधात भाकरी कुस्करून हाताने भरवायच्या.

"वन्सं, तुम्ही त्याला लाडावून ठेवलंय, म्हणून हे होतंय."

"भाकरी खाऊन कुणी खुर्चीवर मुतत नाही, वहिनी. माझ्या भावानं जन्मभर खाल्ली."

"मग मीच करते का ते?"

"मी कुठं काय म्हणतेय? शाळेत तुम्ही साठ-साठ पोरं नुसत्या बघण्यानं गप्प बसवायचात म्हणे. आता हा एकटा ऐकेना."

फिनेलने वास जात नव्हता. मी बाजारात जाऊन हिरव्या लेबलची बाटली आणली. वर कडुलिंबाच्या पानाचं चित्र आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत हर्बल, नॅचरल, लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना सुरक्षित. ती मी रोज वापरू लागले. त्याने जितकं जास्त केलं तितकं मी जास्त ओतलं. खुर्चीच्या पायाला तर पाणी न घालता, तसंच. गंमत म्हणजे वन्संनी त्या दिवसापासून माझ्या साफसफाईला नावं ठेवणं सोडलं. फरशी पुसून झाली की देवासमोर बसून शांतपणे हात जोडायच्या. मला वाटलं, हरल्या.

असे तीन महिने गेले. तांदूळ आणून देणारे मामा एक दिवस दारात पोतं उतरवत होते. वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याला त्यांची वस्ती आहे आणि पाच-पन्नास शेळ्या आहेत.

"बाई, कुत्रं झ्याक हाय. आमाला राखणीला एक पायजेच व्हतं. मागली दोन बिबट्यानं न्हेली."

"बांधून ठेवत नाही का?"

"बांदल्यावर राखण कशी व्हायची? मोकळंच असतंय."

मला त्याचा अर्थ कळला. न कळायला मी काही लहान नव्हते. मी म्हणाले, "घरात घाण करतो. पुढच्या रविवारी घेऊन जा."

वन्सं आतून ऐकत होत्या. मामा गेल्यावर बाहेर आल्या.

"पोरांना काय सांगणार?"

"शेतावर गेला म्हणून."

"आणि बिबट्यानं उचलला की?"

"तेव्हाही शेतावरच असेल."

"फळ्यासमोर राहून राहून तुमचं काळीज फळ्यासारखं झालंय," त्या म्हणाल्या आणि त्याला जवळ घेऊन बसल्या. तुम्हाला सांगायचं वाक्यसुद्धा मी जुळवून ठेवलं होतं: तो आता डोंगरात मोकळा हिंडतो, फार खुशीत आहे.

मी कुठलीही गोष्ट कागदपत्रांशिवाय कुणाला देत नाही. म्हणून शुक्रवारी त्याला रेबीजची लस टोचून घ्यायला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, बाहेर तिची वाट बघत एक म्हैस उभी. तिने त्याला तपासलं आणि का देऊन टाकताय असं विचारलं. मी सांगितलं.

"तब्येत ठणठणीत आहे," ती म्हणाली. "हा आजार नाही. खुणा करतोय. हे घर माझं, असं सांगतोय."

"घर माझं आहे."

"ते त्याला मान्य असेल हो. पण पुसता कशानं?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"हिरवी बाटली? कडुलिंबाचं पान?" ती हसली नाही, पण तिला ते अवघड गेलं. "मॅडम, मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात गोमूत्र आहे. त्याच्या जागेवर तुम्ही रोज दुसऱ्या जनावराची लघवी ओतताय. तो रोज त्यावर आपली सही करतोय."

घरी येऊन भिंग घेतलं. बाटलीची इंग्रजी बाजू मी दहा वेळा वाचली होती. मागची बाजू मराठीत होती, ती एकदाही वाचली नव्हती. घटक पदार्थांत दुसऱ्याच ओळीत गोमूत्र अर्क.

"वन्सं, तुम्हाला याचा वास आला नाही?"

"पहिल्याच दिवशी आला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय म्हणून बोलू? माझी बाटली तुम्ही गटारात ओतलीत. आता स्वतःच्या हातानं घरभर तेच फिरवत होतात. म्हटलं, फिरवू दे."

"आणि त्यापायी तो बिबट्याच्या तोंडी चालला होता."

त्यांनी बाटली उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्या वासापायी तो करतोय, ते मला कुठं ठाऊक होतं." आणि पाठोपाठ, "तुम्हाला तरी कुठं होतं."

रविवारी मामा टेम्पो घेऊन आले. कुत्रा दारात उभा होता, त्याची कागदपत्रं पिशवीत घालून मी हातात धरली होती. मी म्हणाले की द्यायचा नाही.

"मंग बोलावलंसा कशाला?"

"माझी चूक झाली."

"तुमी तर कुत्र्याची म्हनला व्हता."

"नाही. माझी."

"ऱ्हायलं तर मग," मामा म्हणाले. "पर शिकल्याली मानसं आदी इचार करत्यात, असं वाटलं व्हतं."

यात माया नव्हती, हे तुम्ही समजून घ्या. मी इतकी वर्षं शाळेत होते, न केलेल्या चुकीबद्दल एकाही मुलाला शिक्षा केली नाही. याला तीन महिने केली आणि वर डोंगरात धाडायला निघाले होते. एवढं मनावर ठेवून मला त्या खुर्चीसमोर बसता आलं नसतं.

पुढचं डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. सगळ्या जागा साबणाच्या पाण्याने धुतल्या, मग व्हिनेगरने पुसल्या, खुर्ची गच्चीवर उन्हात ठेवली. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलं, ते तुमच्या बाबाला माहीत आहे, कारण माहीत नाही. मोठ्या कुत्र्याची सवय नुसत्या ऑपरेशनने मोडत नाही, म्हणून घरात असेल तेवढा वेळ त्याचा पट्टा माझ्या कमरेला बांधायचा होता. सहा आठवडे आम्ही दोघं एका दोरीला. मी पोळ्या लाटताना तो पायाशी, तो उठला की मला उठावं लागे. तंगडी उचलायच्या आधी तो गोल फिरून जमीन हुंगतो हे मला तेव्हा कळलं. फिरू लागला की न रागावता ओढून अंगणात न्यायचं. तिथे केलं की तिथल्या तिथे भाकरीचा वाळका तुकडा द्यायचा आणि शाबास म्हणायचं. तुकडा मी द्यायची. शाबास मला जमेना. ते वन्सं खिडकीतून म्हणायच्या.

दोरी सोडली त्या दिवशी तो सरळ खुर्चीपाशी गेला. पाय हुंगला, बराच वेळ. मी दाराशी उभी होते, हातात काही नव्हतं. मग तो उडी मारून खुर्चीवर चढला आणि अंगाचं मुटकुळं करून झोपला.

मी उतरवलं. तो पुन्हा चढला. हे अजून चालू आहे, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि दर वेळी वन्सं म्हणतात, "बसू दे की, रिकामीच तर आहे." मी उतरवतेच. पण खुर्ची कोरडी आहे, आणि रविवारी तुम्ही हाक मारता तेव्हा यायला तो आहे.