लालीबाईनं वाचलेली धूळ

खैरखोऱ्याच्या तांड्यात लालीबाईएवढं ताठ चालणारं माणूस दुसरं नव्हतं. डोक्यावर दोन घागरी असोत की कापसाचं गाठोडं, बाईची मान कधी कलली नाही. नेरच्या बाजारात तिचा घागरा लांबून ओळखू यायचा, आणि तिचा आवाज त्याहून लांबून. अशा बाईला तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ जमादारासमोर उभं राहून 'हजर' म्हणावं लागलं! आज सांगतानाही सांगणाऱ्याचा जीव जळतो.

साल बासष्टचं. लमाण म्हणजे जन्माचे चोर, असं म्हणणारा कायदा केव्हाच मोडीत निघाला होता म्हणत. पण खैरखोऱ्याच्या चौकीतल्या जमादाराला ते कोणी सांगितलं नसावं. त्यानं तांड्यातल्या प्रत्येक घरावर पत्र्याचा नंबर ठोकला. कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या चुलीतून धूर जास्त निघाला, कोण नवराबायको भांडले, सगळं वहीत. आणि त्याहून भारी म्हणजे त्याची ती पट्टी. तांड्याभोवती चार हात रुंद जागा गोल खणून घेतली, गोटे वेचले, नाल्यातली बारीक माती आणून पसरली. दिवस मावळला की बोरीच्या फांदीनं ती झाडून सपाट करायची. मग सकाळच्या हजेरीपर्यंत पट्टीवर पाय टाकायचा नाही. टाकलाच, तर कोणाचा पाय ते सकाळी धूळच सांगणार.

धूळ सांगते खरी, पण ऐकणारा पाहिजे ना! तो होता देवीलाल, लालीबाईचा सख्खा धाकटा भाऊ.

दोघांचा बाप भावसिंग. तरुणपणी त्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं, पार झरीच्या रानापलीकडे. रात्री बैल भटकला तर खुरावरून त्याला शोधून काढायचा, ही लमाणांची जुनी विद्या. भावसिंगनं ती दोन्ही लेकरांना शिकवली. संध्याकाळी गुरं आली की विचारायचा, "सगळ्यात मागं कोण होता? कोणत्या बैलाचा पाय दुखून राह्यला?" लाली फटकन सांगायची. देवीलाल विचार करत बसायचा, आणि बहुतेक वेळा चुकायचा. बाप हसायचा. देवीलालच्या मनात ते हसू काट्यासारखं रुतून बसलं. पुढं बापाचा पितळी तांब्याही त्यानं बहिणीशी भांडून आपल्याकडे ठेवला.

लाली लग्न होऊन झरीकडे गेली. नवरा लाकूडकटाईच्या कामावर अंगावर झाड पडून मेला. तान्हा किसनसिंग पदरात घेऊन ती माहेरच्या तांड्यात परत आली. लोकांचा कापूस वेचला, निंदण केलं, पण पोराला नेरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकवलं. तांड्यात सातवी पास झालेला तो पहिलाच. बाई हे कोणालाही, न विचारता, सांगायची.

जमादारानं माग वाचणारा मागितला तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं, हे काम लालीइतकं कोणाला येत नाही. पण नाव गेलं देवीलालचं. बाईमाणूस चौकीवर कसं जाणार? असल्या कामाला आपण नाही, याचा लालीला आनंदच झाला होता; पण पहिलं नाव आपलं निघालं नाही, हेही तिला झोंबलं. माणसाचं मन असंच असतं, बाप्पा.

देवीलालची ऐट काय सांगावी! हजेरीच्या आधी बाहेर जायची मुभा त्याला एकट्याला. त्याच्यासाठी पट्टीत एका जागी सपाट दगड मांडलेले, म्हणजे त्याचा पाय धुळीत उमटायचा नाही. सकाळी कमरेवर हात ठेवून तो गोल फिरायचा, आणि आख्खा तांडा दाराशी उभा राहून त्याच्या तोंडाकडे पाहायचा. कधी नाव येईल, नेम नाही. बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. लोक दुसऱ्याच्या पायाकडे पाहूनच त्याला राम राम करू लागले.

त्या वर्षी किसनसिंगला एस.टी.त कंडक्टरची नोकरी लागली. कागद आला, सोमवारी हजर व्हा, सोबत चालचलनाचा दाखला आणा. दाखल्यावर गावच्या पोलीस पाटलाची सही आणि चौकीचा शिक्का. वहीत नाव चढलेलं नसलं म्हणजे झालं. लालीबाईनं ते चार दिवस जीव मुठीत धरून काढले.

आणि शनिवारी सकाळी गावचे पोलीस पाटील मारोतराव धापा टाकत आले. गेल्या आठवड्यात नेरच्या बाजारातून आणलेली त्यांची पांढरी बैलजोडी गोठ्यातून गायब! खुरांची वाट तांड्याच्या पट्टीबाहेरून, बाभळीच्या झुडपांजवळून गेलेली. आणि पट्टीवर एका माणसाचे पाय, तांड्यातून झुडपांकडे गेलेले आणि परत आलेले.

जमादाराचे डोळे चमकले. "देवीलाल, वाच!"

देवीलाल वाकला. डावा अंगठा आत वळलेला, भावसिंगाच्या रक्तातल्या साऱ्यांचा असतो तसा. तो हळूच सरळ झाला, बहिणीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "हा आमच्या भावसिंगाच्या घरचा पाय हाय साहेब. किसनसिंग."

किसनसिंग ओरडला, "मामा, काय बोलून राह्यले तुम्ही? मी घरातून हाललो नाही!" पण जमादारानं वही उघडलीसुद्धा.

"थांबा." लालीबाई पुढं आली. "लिहू नका. मले पाहू द्या."

"तू काय पाह्यशीन?" देवीलाल हसला. "हे मानसाचं काम हाय."

"तेच पाह्यतो, कोन्या मानसाचं हाय ते." ती घागरा सावरून खाली बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं पट्टीकडे नीट पाहिलं. मग ठशांच्या कडेकडेनं एकदा गेली, एकदा आली. आणि एकाएकी तिच्या तोंडावर असं हसू फुटलं की बायांना वाटलं, हिला वेडच लागलं.

"भिया," ती भावाला म्हणाली, "ह्या टाचेले दोन भेगा हायेत. माह्या पोराची टाच अजून कोवळी हाय. तुही दाखव."

"माह्या पायाचा काय संबंध?"

"बरं, टाच राहू दे. हा गोल कायचा?" धुळीत, पट्टीच्या पलीकडच्या काठाशी, एक वाटोळा ठसा होता. एका बाजूला जरा तुटलेला. "पानी घेऊन चाललेला मानूस घाईत धोतर सावरायले तांब्या खाली ठेवते, तसा हाय. बुडाले पोचा आलेला तांब्या. आपल्या बाचा. आन बरं तो, लावून पाहू."

कोणी तरी धावत जाऊन देवीलालच्या घरून तांब्या आणला. ठशावर ठेवला. पोच्यासकट तंतोतंत बसला.

आदल्या दिवशी लग्नाच्या जेवणावर देवीलालनं आडवा हात मारला होता. पहाटे पोटात कळ आली, तांब्या उचलून धूम ठोकली. दगडावरून गेलो की धुळीतून, हे अशा वेळी कोण पाहतो? आणि सकाळी माग वाचताना त्यानं साऱ्या जगाचा पाय आठवला, फक्त स्वतःचा नाही. तीन वर्षं ज्याचा पाय धुळीत उमटलाच नाही, त्याला तो ओळखू कसा यावा? शिवाय अंगठा दिसला तेव्हा बहिणीच्या पोराचंच नाव त्याच्या जिभेवर आधी आलं. का आलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तांडा हसला. तीन वर्षांत एवढा मोठ्यानं हसला नव्हता. म्हातारी बिजलीबाई तर हसता हसता खालीच बसली. देवीलालचं तोंड काळंठिक्कर पडलं.

पण जमादार हसला नाही. त्यानं देवीलालचा दंड धरला. "असं? मग बैल तूच हाकलले. चल चौकीवर."

आता लालीबाई गप्प राहिली असती तर कोणी तिला नाव ठेवलं नसतं. पोरगा सुटला होता. ज्या भावानं भाच्याचं नाव घेतलं, त्याचं व्हायचं ते होवो! क्षणभर तिलाही तसंच वाटलं. मग तिनं देवीलालच्या डोळ्यांत पाहिलं. आठ वर्षांचा असताना, चुकीचा बैल सांगितल्यावर, तो बापाकडे असाच पाहायचा.

"साहेब, सोडा त्याले," ती म्हणाली. "त्याची अक्कल कमी असन, पन तो चोर नाही. बैलाईसंग कोनी मानूसच नव्हतं. चला, दाखवतो."

ती पुढं, मागं जमादार, मारोतराव, देवीलाल, आणि त्यांच्या मागं अर्धा तांडा. खुरांच्या आजूबाजूला माणसाचा पाय नाही, हे तिनं जागोजाग दाखवलं. हाकललेला बैल सरळ चालतो, घाबरून शेण टाकतो. हे तर रमतगमत, बांधावरचं गवत खात गेले होते. नाल्याच्या खडकात माग तुटला. जमादार म्हणाला, संपलं. लालीबाईनं पदरानं घाम पुसला, खडकावर खुराच्या नालेचा बारीकसा पांढरा ओरखडा हेरला आणि चालू लागली. दोन कोसांवरच्या वाडीत, एका शेतकऱ्याच्या दारी, जुन्या खुंट्याजवळ दोन्ही बैल शांतपणे रवंथ करत उभे होते. गेल्या आठवड्यात त्यानंच ते नेरला विकले होते. तो बिचारा त्यांना परत आणून द्यायला निघतच होता.

मारोतराव बैलांच्या गळ्यात पडले. मग त्यांनी जमादारासमोर हात जोडले नाहीत, लालीबाईसमोर जोडले.

परत येईपर्यंत दिवस कलला होता. जमादारानं चौकीच्या ओट्यावर दाखल्याचा कागद काढला, शिक्का हातात घेतला आणि थांबला. "लालीबाई, तुझ्यासारखी नजर नाही पाहिली. उद्यापासून पट्टी तू वाच. हो म्हण, की हा शिक्का मारला."

किसनसिंगनं आईकडे पाहिलं. सोमवार दोन दिवसांवर होता.

"मले साऱ्याईचे पाय माहीत हायेत साहेब," लालीबाई म्हणाली. "कोन पोरगी कोनाले भेटाले जाते, कोनाचा म्हतारा कुठी जाऊन रडते, सारं. म्हनूनच मी सांगनार नाही. पोराले नोकरी नाही भेटली तर तो माह्यासंग कापूस वेचन."

"माही याडी बरोबर म्हनते," किसनसिंग आईच्या शेजारी येऊन म्हणाला.

तेव्हा मारोतराव पुढं झाले. कागद ओढून सही केली. "जमादार, मारा शिक्का. नाही तर चोरीच झाली नसताना तुम्ही दोन-दोन चोर धरले, हे मी तुमच्या मोठ्या साहेबाले जाऊन सांगतो."

"मेहरबानी नोका करू पाटील," लालीबाई म्हणाली.

"मेहरबानी कायची वो? खरं तेच लिहून राह्यलो."

जमादारानं दात खात शिक्का मारला. राग काढायला कोणी तरी हवंच होतं, तो देवीलालवर खेकसला, "पाहतोस काय? दिवस मावळला. घे फांदी, पट्टी झाड. आणि उद्या सकाळी नीट वाच!"

देवीलालनं फांदी उचलली नाही. खाली मान घालून उभा राहिला, मग सगळ्या तांड्यासमोर मान वर केली.

"साहेब, माग वाचनं माह्या बहिनीले येते. मले येत नाही. लहानपनापासून येत नव्हतं," तो म्हणाला. "आज हे साऱ्याईनं पाह्यलं. आता मी उद्या कोनाचंही नाव घेतलं, तर ते खरं मानन कोन?"

पोराचा दाखला लालीबाईच्या मुठीत होता. पण ती रडली ती भावाच्या या बोलण्यानं, तेही ताठ मानेनं, सगळ्यांना दिसेल असं.