अळणी वाल

कॅन्सरची गाठ थायरॉइडसकट काढून झाली होती. उरलेल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडिनचा डोस घ्यायचा होता आणि त्याआधी अंगात दुसरं आयोडिन जायला नको होतं. डॉक्टरांनी माझ्या थायरॉइडच्या गोळ्या थांबवल्या; मीठ, दूध, मासळी सगळं तोडलं. गोळ्यांशिवाय मला जिनाही चढवेना. तेव्हा पेणच्या खाडीकाठून आई माझ्याकडं रोह्याला आली. अख्खा जन्म मिठागरावर गेलेली बाई माझ्यासाठी अळणी रांधायला लागली.

सुरुवातीला घास घशाखाली उतरेना. मग एका दुपारी तिनं वाल केले आणि मी ताट पुसून खाल्लं. पुढं रोज वालच मागायला लागले. डोस तोंडावर आला तेव्हा मी सहज विचारलं, "मिठाशिवाय एवढी चव कशी आणतेस?"

"सोड्यांची पूड टाकते चिमटीभर," ती खुशीत म्हणाली.

सोडे म्हणजे सुकी कोळंबी. "अगं, मासळी नको सांगितलं होतं ना!"

"ती काय मासळी हाय? चवीपुरती घातली. तू जेवत नव्हतीस गो."

हॉस्पिटलात फोन केला. डोस पुढं गेला. गोळ्या बंदच, पथ्य पुन्हा पहिल्यापासून. संताप असा आला की ताट भिंतीवर मारावं, पण तेवढा जोर हातात नव्हता.

संध्याकाळी तिनं दोन ताटं वाढली, दोन्ही अळणी. एका घासानंतर मी ताट सरकवलं. तिनंही आपलं सरकवलं.

"आता तुला घालू तरी काय गो?"

मला सोडे घातलेले वालच हवे होते.