बार्नी क्विगलीच्या मयताला शहराचा बर्फ

मॅलकी ड्वायर लोकसेवेच्या उमाळ्यानं नगरसेवक झाला, असं अमेरिकेतल्या बफेलो शहराचे पेपरवाले छापायचे. डोंबल! तो झाला बापाच्या मढ्यापायी.

बाप गोदीवर जहाजांतलं धान्य उपसायचा. वॉर्डाचा पुढारी बार्नी क्विगली. गुत्ता त्याचा, बर्फाच्या गाड्याही त्याच्याच. बाप त्याच्या माणसाविरुद्ध मत देऊन बसला आणि तिथल्या भर उन्हाळ्यात, जुलैत वारला. आयरिश घरात मयताचा जागर दोन रात्री चालतो. सगळा वॉर्ड येतो, पाइप ओढतो, मेलेल्याचे किस्से सांगतो. पण त्या उकाड्यात मढ्याखाली बर्फ तर हवा? मॅलकीची आई ऑनोरा शाल सावरत क्विगलीच्या दारात गेली.

"मत देताना नाही आठवलो, आता बरा आठवलो गं!" तो हसला. "जा, पुरून टाक पटकन. वास सुटेल."

दुपारीच पुरावं लागलं. खाणीवरून निघालेल्या थोरल्या लेकाला बापाचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

"कुत्र्यासारखा पुरला माझा माणूस," ऑनोरा म्हणाली. मॅलकीच्या काळजात ते रुतून बसलं.

मग गडी इरेला पेटला. दिवसभर धान्य उपसायचं, संध्याकाळी दारोदार मतं मागायची. सुधारणावाल्या शिष्ट मंडळींचा पाणचट चहाही त्यानं मुकाट प्यायला. निवडून आला आणि शहराच्या स्वतःच्या बर्फखान्याचा ठराव आणला. पडला. पुन्हा आणला, पुन्हा पडला. शेवटी मंजूर झाला, तेव्हा क्विगलीच्या गाड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. पाठोपाठ वॉर्डही हातचा गेला. नगरसेवक ज्या मयताला जाईल तिथं सगळ्यांनी जायचं, तो न जाईल तिथं कुणी नाही, ही वॉर्डाची जुनी रीत मात्र राहिली.

क्विगली ऑगस्टातल्या उकाड्यात मेला. त्याची बायको डीलिया मॅलकीच्या दारात आली.

"मॅलकी, बाबा, थोडा बर्फ..."

"थोडा कशाला, डीलियाकाकी? शहराचाच आहे. हवा तेवढा न्या!"

गाडीभर लाद्या गेल्या. डीलियानं हॅम कापलं, पाइप भरून ठेवले, शेजारच्या खुर्च्या मागून आणल्या.

मॅलकी तिकडे फिरकला नाही. मग दुसरं कोण जातंय? ती रात्र डीलियानं एकटीनं जागून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑनोरा तेवढी गेली. रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत ती मढ्याशी पोचली, वाकली, नाकानं वास घेतला.

"वास नाही गं अजून," ती डीलियाला म्हणाली. "ठेव की. पुरायची घाई काय? येईल कुणीतरी."