आमच्या घरमालकांचे तहानलेले दगड

जगातली सगळ्यात घाईची गोष्ट मोजणारा माणूस हाच जगातला सगळ्यात सावकाश माणूस असतो, असं विश्रांतवाडीच्या आमच्या घरमालकांना पाहिल्यापासून माझं ठाम मत झालं आहे. सर एका मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. रेणूवर उजेडाचा झटका मारायचा, तो चमकतो, आणि ती चमक कशी विझते ते मोजायचं, हे त्यांचं काम. आपली पापणी लवते तेवढ्यात म्हणे तिथे पिढ्यानपिढ्या होऊन जातात. असा हा माणूस घड्याळ बांधत नसे, आणि लग्नाला पोचे तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालत असत. "अक्षता चुकल्या, निदान खुर्च्या उचलू लागा," असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या आणि सर खरंच उचलू लागायचे.

मी गडचिरोलीच्या पार टोकाचा. आठवीत शाळा सुटली, आणि पुढे नगर रस्त्यावरच्या गोदामात माल चढवायचं काम मिळालं म्हणून इकडे आलो. पुण्यात खोली देण्याआधी लोक जात, जेवण, पाहुणे सगळं विचारून घेत आणि शेवटी नाही म्हणत. सरांनी एवढंच विचारलं, की खोलीत थोडे दगड आहेत, चालतील का. थोडे म्हणजे मी आणि माझी ट्रंक वगळता सगळी खोली दगडांचीच होती.

हे दगड ते दर रविवारी वाघोलीच्या खाणींतून आणत. काळ्या खडकाच्या पोकळीत दुधासारखे स्फटिक असतात, आणि त्यांच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्या. त्या खोल्यांत सरांना रेणू कोंडायचा होता. अशा खोल्या असलेली तयार पांढरी पूड बाटलीत मिळे, पण सरांना इथलाच दगड हवा. "पुण्याचा आहे," ते म्हणत, "सहजासहजी कुणाला आत घेत नाही." खाणीवरचे लोक त्यांना पोती भरून देत. "न्या की साहेब, आमाला अडचनच हाय ती." हा दगड हवेतलं पाणी पितो, म्हणून आधी भाजून कोरडा करावा लागे. तो काकूंच्या केकच्या ओव्हनमध्ये भाजला जाई आणि मग लोणच्याच्या बरणीत बसे. पावसाळ्यात कुणी बरणी उघडी टाकली तर सर तान्हं मूल अंगणात विसरल्यासारखे कासावीस होत. "अहो, तहान लागेल त्याला."

एकदा मी भीत भीत विचारलं, की बिचाऱ्या रेणूला कोंडायचं कशाला. सरांनी माझ्या खोलीकडे पाहिलं. "मोकळ्या पाण्यात तो हातपाय झाडत बसतो. सगळी ताकद त्यातच जाते, चमकायला काही उरत नाही. अंगाबरोबर खोली मिळाली की निवांत होतो, मग जास्त वेळ उजळतो. तुमच्यासारखंच आहे, अहो भाडेकरू." मी खोलीत जाऊन नुसताच बसून राहिलो.

त्यांचा मुलगा परदेशात. घर बिल्डरला द्या आणि इकडे या, असा त्याचा धोशा. सरांचं उत्तर ठरलेलं, की माझा दगड उजळल्याशिवाय मी हलणार नाही. त्यामुळे माझी पंचाईत अशी, की रोज देवापुढे सरांना यश दे म्हणायचो, आणि लगेच म्हणायचो, पण घाई नाही.

आणि एके दिवशी दगड उजळला. सरांनी गल्लीभर पेढे वाटले. बिल्डर टेप घेऊन अंगण मोजून गेला. मी कामावरून सुटलो की खोल्या बघत फिरायचो. त्याच आठवड्यात संध्याकाळी लाइट गेली, तेव्हा सर दगडाची चमक बघायचा त्यांचा जांभळा टॉर्च घेऊन मला मेणबत्ती द्यायला आले. टॉर्च माझ्यावर पडला आणि माझं बनियन निळं निळं उजळलं. सर दारातच थबकले. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत असतो, तो रंग होता तो. आणि दगडातली चमकही नेमकी तशीच निळी होती. आयुष्यात एकदाच सरांनी घाई केली होती, आणि ओव्हनमधून काढलेला दगड काकूंनी नुकत्याच धुतलेल्या पंच्यात गुंडाळला होता.

"म्हणजे मी पंचा मोजला," ते खाली बसत म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत वेळेवर जाऊन त्यांनी सगळ्यांना स्वतःच सांगितलं. बिल्डरलाही सांगितलं, की पेढे परत नकोत, फक्त टेप घेऊन या अंगणात येऊ नका.

पुढे काही वर्षांनी मला वाघोलीत स्वतःची जागा झाली, एक खोली आणि स्वयंपाकघर. या वेळी पेढे मी नेले. सरांनी पेढा सावकाश खाल्ला आणि काकूंना म्हणाले, "आता मुलाला कळवा, येतो म्हणून."

"पण सर, दगड?"

"अरे, तो मागच्या वर्षीच उजळला," काकू म्हणाल्या. "या खेपेला खरा. सगळ्या प्रयोगशाळेला माहीत आहे. तुला तेवढं सांगायचं नाही म्हणाले."

सर बरणीचं झाकण आवळत होते. वर न बघता म्हणाले, "रेणू आत असताना दगड हलवू नये. मापं चुकतात."

आता तिथे मोठी इमारत आहे. सर जाताना एक बरणी मला देऊन गेले. आतला दगड अजून उजळतो की नाही, ते बघायला माझ्याकडे टॉर्च नाही. पावसाळा आला की झाकण तेवढं घट्ट आहे ना, ते बघतो.