सगळ्यांना दिसलेला हिमनग

नेदरलंड्समधल्या न्यूनेनला आमच्या शेजारी राहणारा भानुदास जहाजं बुडवतो. पगार घेऊन. त्याच्या संशोधन संस्थेत सिम्युलेटर आहे: खोटं जहाज, आणि भिंतभर पडद्यावर खोटा समुद्र. त्यात माणसं बसवायची, समोर हिमनग सोडायचा आणि तो त्यांना वेळेत का दिसत नाही हे बघायचं. एवढ्यासाठी त्याने पीएचडी केली.

कारणं तो भेटेल त्याला ऐकवतो. चंद्र नसला की बर्फ कसला पांढरा, काळोखात काळाच. समुद्र शांत असला तर धोका जास्त, कारण हिमनगाच्या पायाशी लाटा फुटत नाहीत, फेस दिसत नाही. शिवाय रोज समोर काहीच नसतं, म्हणून आजही नसणार अशी डोळ्यांची खात्री झालेली. हे तो इतक्या तळमळीने सांगतो, की परसात हिमनग आलाय की काय म्हणून आम्ही एकदा डोकावून बघतो.

त्याच्या बॉस आनेकाबाई यांनी हिमनगाची सूचना देणारी घंटा तयार केली होती. घंटा उत्तम, फक्त ती बारीकशा लाटेलाही वाजायची. वैतागून माणसं ती बंद करणार, हे भानुदासला जानेवारीतच कळलं होतं. आणि आता सोमवारी एक कंपनी ती खऱ्या जहाजांसाठी घ्यायला येणार होती.

"बाईंना सांगितलंस?" त्याची बायको लता रोज विचारायची.

"थेट कसं सांगणार? बॉस आहेत."

"मला बरं रोज सांगतोस! मी काय जहाजावर बसवणार आहे ती घंटा?"

बाईंना 'मॅडम' चालत नसे आणि त्यांना नुसतं नावाने हाक मारणं याला जमत नसे. म्हणून हा समोर जाऊन नुसता खोकायचा. बाई त्याला डॉक्टरकडे जायला सांगायच्या.

शनिवारच्या शेवटच्या चाचणीला विद्यार्थी मिळेनात, तेव्हा भानुदासने आमच्या विहाराच्या ग्रुपवर मेसेज टाकला. आम्ही तिघं गेलो. बँकेतून रिटायर होऊन मुलाकडे आलेले मधूकाका वयाने मोठे, म्हणून कप्तान. आइंडहोवनला शिकणारी शिवांगी टेहळणीला. सुकाणू माझ्याकडे.

दिवे मालवले. "जय भीम, निघू या," म्हणून काकांनी जहाज सोडलं आणि लगेच नागपूरच्या प्लॉटची गोष्ट काढली. घंटा वाजली. बघतो तर इवलीशी लाट. पुन्हा वाजली. पुन्हा लाट. "काय कटकट आहे!" म्हणत काकांनी बटण दाबून तिचं तोंड बंद केलं.

समुद्र निपचित झाला. गोष्ट तलाठ्यापर्यंत आली होती. एवढ्यात समोरच्या काही चांदण्या विझल्यासारख्या झाल्या आणि तिथे एक काळा डोंगर उभा राहिला. मला दिसला. पण सुकाणूवाल्याने वळवायचं असतं, बघायचं नसतं, अशी माझी समजूत. काका श्वास कधी घेतात याची शिवांगी वाट बघत होती. काकांनी श्वास घेतला नाही. धाडकन जहाज हादरलं.

दिवे लागले. आनेकाबाईंनी विचारलं, "हिमनग कुणाकुणाला दिसला?"

तिन्ही हात वर. काकांचासुद्धा!

"मग बोलला का नाहीत?"

"काका बोलत होते ना," शिवांगी म्हणाली. "मध्ये कसं तोंड घालायचं?"

"टेहळणी हिची," काका म्हणाले. "हिच्या कामात मी कशाला नाक खुपसू?"

बाई भानुदासकडे वळल्या. "आणि घंटा? सोमवारी देऊ ना?"

भानुदास खोकला. "घंटा तशी चांगलीच आहे, म्हणजे काही परिस्थितींत, थोडा विचार केला तर..."

"वाईट आहे?"

त्याने खोकणं थांबवलं. "हो. खरा हिमनग येईपर्यंत ती कुणीतरी बंद केलेली असेल. आनेका, सोमवारी देऊ नका."

बाईंनी तिथल्या तिथे फोन करून सोमवारची भेट रद्द केली. "कधीपासून माहीत होतं?"

"जानेवारीपासून."

"मूर्ख आहेस," बाई म्हणाल्या आणि कॉफी आणायला गेल्या. दोघांसाठी.

परतीच्या ट्रेनमध्ये काकांनी त्याला बाजूला घेतलं. "भानुदास, वरिष्ठांना असं तोंडावर बोलू नये रे. काही पद्धत असते."

"काका," भानुदास म्हणाला, "जहाज तुमच्या प्लॉटमुळे बुडलं."

शिवांगीने घाईघाईने चिवड्याचा डबा पुढे केला. काकांनी घेतला नाही. आइंडहोवनपर्यंत ते खिडकीबाहेर डोळे लावून बसले. गायी, कालवे, सायकली, एकही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नसेल.